बांधलेला हात

नात कुणाचेही बोट न धरता पहिल्यांदा खोली ओलांडून गेली, त्या वर्षीची ही गोष्ट. ती खिडकीपासून निघाली, पलंगाच्या पायाशी जरा डगमगली आणि दाराच्या चौकटीला जाऊन चिकटली. तिच्या आईने टाळी वाजवायला हात उचलले, तेवढ्यात पलंगावर टेकून बसलेल्या आजोबांनी गुडघा असा काही झाडला की मांडीवरचा ट्रे उडाला, सूपची वाटी भिंतीवर जाऊन फुटली आणि नातीने जागच्या जागी बसकण मारून भोकाड पसरले.

"बाबा!" सून ओरडली.

व्यायाम द्यायला येणारी बाई दोन पावले मागे सरकली. तिच्या हातात कापडाची एक रुंद पट्टी होती. पट्टीचे टोक म्हाताऱ्याच्या मनगटाला नुसते लागले होते, गाठ मारलीही नव्हती.

"बांधायचं नाही," म्हातारा म्हणाला. आजारपणापासून त्याचे तोंड एका बाजूला ओढले गेले होते. शब्द जड यायचे, पण हा शब्द स्वच्छ आला.

"आजोबा, बांधत नाही हो. नुसता थोडा वेळ—"

"बांधायचं नाही!"

खाली दुकानात रंधा मारण्याचा आवाज थांबला. मुलगा जिना चढून वर आला. त्याच्या कोपरापर्यंत भुसा होता. त्याने भिंतीवरून ओघळणारे सूप पाहिले, बायकोच्या कडेवरची रडणारी मुलगी पाहिली, आणि काही न विचारता कोपऱ्यातले फडके उचलून फरशी पुसू लागला.

झटका आला तेव्हा म्हाताऱ्याची सगळी डावी बाजू गेली. पाय थोडाफार परत आला, हात आला नाही. बोटे हलायची, कोपर इंचभर उचलले जायचे, तेवढेच. दुसऱ्या कुणाचे असे झाले असते तर लोक म्हणाले असते, उजवा तरी वाचला. पण हा माणूस जन्मापासून डावखुरा. शाळेत त्याला डावऱ्या म्हणत, वखारीत डावऱ्या म्हणत, आणि बायको हयात होती तोवर रागावली की तीही डावऱ्याच म्हणायची. त्याने हयातभर करवत चालवली, पटाशी चालवली, मुलाला थोपटून निजवले, ते सगळे डाव्याने.

आता त्याचा धडधाकट उजवा हात दिवसभर मांडीवर पडून असायचा, वेळेआधी येऊन बसलेल्या पाहुण्यासारखा. त्या हाताने तो पाण्याचा पेलासुद्धा उचलत नव्हता. दुसऱ्याने भरवायला गेले की ओठ मिटून घ्यायचा. पेल्यात नळी घालून तोंडाशी धरली तर दूध तेवढे ओढायचा. गालफडे बसली होती. डॉक्टर म्हणाले होते, मेंदूला धक्का बसलाय, तो हात आहे हेच ते विसरले असतील. घरात सगळ्यांनी ते खरे मानले. म्हाताऱ्याला कुणी विचारले नव्हते.

"आता बास," मुलगा फडके पिळत म्हणाला. "पहिल्या तारखेला गाडी बोलावतो."

शहराबाहेर मोठ्या रस्त्याला लागून एक शुश्रूषागृह होते. मुलगा दोनदा जाऊन बघून आला होता. स्वच्छ होते, खाटा चांगल्या होत्या. जो हाताने खात नाही त्याला तिथे नाकात नळी घालून भरवत.

"अहो, हळू बोला," सून म्हणाली.

"का हळू? त्यांना ऐकू दे. बाबा, ऐकताय ना? मी काही तुम्हाला टाकून देत नाहीये. पण माझ्या डोळ्यांदेखत तुम्ही उपाशी मरताय. मला जमत नाही ते बघायला. स्वतःच्या हाताने एक वाटी खाऊन दाखवा, गाडीचं नाव काढणार नाही."

म्हाताऱ्याने भिंतीकडे तोंड फिरवले.

मुलगा वाईट नव्हता. दुकान एकट्याने ओढत होता, आणि बाप हट्टी आहे हे त्याला ठाऊक होते. फक्त हट्ट कशाचा आहे हे ठाऊक नव्हते.

तेवढ्यात जिन्यावर पावले वाजली. मधल्या वळणावर ती थांबली. तिथे कुणीतरी बराच वेळ खोकले, आणि मग पावले पुन्हा वर येऊ लागली.

"जिना वाढवलात का रे?" दारातून आवाज आला. "काल एवढ्या पायऱ्या नव्हत्या."

हा ठोंब्या. रोज दुपारी यायचा. डावऱ्याच्या मुलाने बोलायला शिकताना पहिल्यांदा काका म्हटले ते त्याला. सख्खे काका दोन होते, पण ते लग्नाकार्याला दिसायचे. ठोंब्याने टोपी खुंटीला अडकवली, भिंतीकडे बघितले आणि मान डोलावली.

"रंगकाम काढलंत वाटतं. रंग बरा आहे. जरा पातळ झालाय."

"काका, मस्करीची वेळ नाही," मुलगा म्हणाला. "त्यांनी या ताईंना लाथ मारली."

"लाथ नाही, ट्रे उडवला," व्यायामवाल्या बाईने दुरुस्ती केली. ती तरुण होती आणि तिचे डोळे भरून आले होते. "मी फक्त पट्टी बांधत होते. चांगला हात थोडा वेळ बांधून ठेवला ना, की आजारी हाताला काम करावंच लागतं. हळूहळू तो शिकतो. अशीच पद्धत आहे, काका. मी आजोबांना नीट सांगितलंसुद्धा नाही, माझंच चुकलं."

ठोंब्याने तिच्या हातातली पट्टी घेतली. उलटसुलट करून पाहिली. मग पलंगावरच्या माणसाच्या मनगटाकडे पाहिले.

"कुठला हात बांधत होतीस, बाळ?"

"चांगला. उजवा."

ठोंब्या पलंगाच्या कडेला टेकला आणि हसू लागला. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग खोकल्याची उबळ आली तरी तो हसतच राहिला. सुनेने पाणी आणले. एक घोट घेऊन त्याने पेला परत दिला.

"अरे गाढवा," तो डावऱ्याच्या कानाशी वाकून म्हणाला, "ती उजवा बांधतेय. उजवा! उभा जन्म गेला तेव्हा कुठे कुणीतरी बरोबर हात बांधायला आलं, आणि तू तिच्या अंगावर सूप फेकतोस?"

पट्टी दिसताच तो बिथरला होता, कुठला हात ते त्याने बघितलेच नव्हते. त्याने सावकाश मान वळवली.

"उजवा?"

"उजवा. शप्पथ."

डावऱ्या त्या पट्टीकडे बघत राहिला. बाकीचे त्या दोघांकडे बघत राहिले.

शाळेत दोघेही उशिरा गेले. पहिलीच्या वर्गात तेच दोघे असे होते की ज्यांचे गुडघे बाकाखाली मावत नसत. म्हणून मास्तरांनी त्यांना शेवटच्या बाकावर एकत्र बसवले. एक डाव्या हाताने लिहायचा आणि दुसऱ्याला कुठल्याच हाताने काही यायचे नाही. दुसऱ्याला मास्तरांनी पहिल्याच दिवशी ठोंब्या म्हटले. पहिल्याचा डावा हात त्यांनी सुतळीने बाकाच्या फळीला बांधला.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी मागे पाहिले तर शेवटच्या बाकावर दोन हात बांधलेले. डावऱ्याचा डावा आणि ठोंब्याचा उजवा. ठोंब्याची गाठ वेडीवाकडी होती, कारण ती दातांनी मारलेली होती.

"तुझा हात कुणी बांधला?"

"मीच."

"कशाला?"

"तो एकटाच कशाला?"

छडी बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन हात बांधलेले. वर्ग हसायचा, मास्तर मारायचे, आणि शेवटच्या बाकावर दोन मुले नको त्या हाताने पाटीवर कोंबड्याचे पाय काढत बसायची. एकदा मास्तरांचा तोल गेला. डावऱ्याचा उजवा हात उचलून वर्गाला दाखवत ते म्हणाले, "आज ना उद्या याच हाताने घास तोंडात घालायची वेळ येईल तुझ्यावर. तेव्हा माझी आठवण काढशील."

"उपाशी मरेन," डावऱ्या म्हणाला होता.

शेवटी सुतळी मास्तरांनीच सोडली. एकाचीच. दुसऱ्याने आपली आपण सोडली. पण तोवर ठोंब्याच्या डाव्या हाताला अक्षर लागले होते, आणि ते त्याच हाताला राहिले. तो खायचा, सुरी धरायचा, हातोडा मारायचा तो उजव्याने. लिहायचा मात्र डाव्याने, म्हातारा झाला तरी. लोकांना त्याचे नवल वाटायचे. तो कुणाला सांगत बसला नाही.

पुढे दोघे एकाच लाकडाच्या वखारीत लागले. दोन मुठींची करवत असते, तिच्या दोन टोकांना दोन माणसे लागतात. हे दोघे समोरासमोर उभे राहिले की एक डावा आणि एक उजवा असल्यामुळे दोघांचे अंग करवतीच्या एकाच बाजूला यायचे. भिंतीला चिकटलेला ओंडका, जो हलवायलाच चार माणसे लागायची, तो ते दोघे जागेवर कापायचे. त्या करवतीचा एकच नियम आहे. ओढायचे, ढकलायचे नाही. ढकलले की पाते वाकते. एक ओढतो तेव्हा दुसऱ्याने हात सैल सोडायचा. दिवसभर वखारीत त्यांचे चालायचे, "ओढ... सोड... ओढ... सोड..." वखारवाला म्हणायचा, यांना झोपेत ऐकलं तर हेच म्हणत असतील.

हे सगळे ठोंब्याने त्या दुपारी काही सांगितले नाही. मास्तर, सुतळी आणि घासाची गोष्ट तेवढी सांगितली. ती ऐकताना मुलगा हातातल्या फडक्याची घडी घालत होता, उलगडत होता, पुन्हा घडी घालत होता.

"बाबा," तो शेवटी म्हणाला, "एवढं साधं मला सांगायचं ना."

"तू मास्तरांच्या बाजूचा निघालास तर?" डावऱ्या म्हणाला.

बाईने पट्टी परत पिशवीत टाकली. "मला माहीत असतं तर आणलीच नसती."

"आण की," ठोंब्या म्हणाला. "दुसरी आहे का? मलाही एक लागेल."

त्या दिवसापासून रोज दुपारी पलंगावर दोन म्हातारे शेजारी शेजारी बसायचे. दोघांचेही उजवे हात पट्टीने अंगाशी बांधलेले, दोघांपुढे दोन वाट्या. ठोंब्याच्या डाव्या हाताला अक्षर येत होते, पण चमचा येत नव्हता. निम्मे सूप त्याच्या दाढीत जायचे. डावऱ्याचा चमचा वाटीतून निघायचाच नाही.

"माझा निदान प्रवासाला तरी निघतो," ठोंब्या म्हणायचा. "तुझा अजून घरातच आहे."

"तुझा वाटेत लुटला जातो, त्याचं काय?"

"दाढीला नको का काही? तीही म्हातारी झाली."

सून स्वयंपाकघरातून डोकावून जायची. नात दोघांच्या पायाशी बसून सांडलेले बोटाने पुसायची आणि बोट तोंडात घालायची. आठवड्याभराने डावऱ्याचा चमचा वाटीतून बाहेर आला. मग छातीपर्यंत आला. तिथे येऊन तो थरथरायचा आणि थांबायचा. त्याच्या वर काही केल्या जाईना. तो चिडायचा, शिव्या द्यायचा, घामाघूम व्हायचा. उजव्या हाताची पट्टी सोडून दे, असे मात्र म्हणायचा नाही.

संध्याकाळी ठोंब्याची मुलगी न्यायला यायची. ती वर चढायची नाही, जिन्याच्या तळाशी मफलर घेऊन उभी राहायची.

"बाबा, छातीचा काय आवाज येतोय ऐकलात का? डॉक्टरांनी जिने चढू नका म्हटलंय."

"एकच जिना चढतो."

"रोज चढता. त्यांना मुलगा आहे, सून आहे, व्यायामाला बाई येते. तुम्ही कोण लागता त्यांचे?"

ठोंब्या तिच्याकडून मफलर घ्यायचा, गळ्याभोवती गुंडाळायचा आणि तिच्या पुढे चालू लागायचा. एकदा तेवढे म्हणाला, "ते अजून ठरवलं नाही. लहानपणी विचारायचं राहून गेलं."

पहिली तारीख उजाडली. गाडी आली. पांढऱ्या कपड्यातला एक दांडगा मनुष्य खुर्चीची घडी काखेत मारून वर आला. त्याच्या मागे चालक आला, उगाचच, बघायला.

डावऱ्या न्हाऊन, केस विंचरून पलंगाच्या कडेला बसला होता. शेजारी ठोंब्या. सुनेने वाटी पुढे ठेवली आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली. मुलगा खिडकीपाशी होता. त्याला मनातून काय हवे होते ते त्याच्या चेहऱ्यावरून कळत नव्हते. बहुधा त्यालाही कळत नव्हते.

डावऱ्याने चमचा भरला. छातीपर्यंत आणला. चमचा थरथरला, सूप सदऱ्यावर सांडले. पुन्हा भरला. पुन्हा तिथेच थांबला. पांढऱ्या कपड्यातल्या माणसाने खुर्चीची घडी उघडायला सुरुवात केली. ती करकरली.

"थांबा हो," ठोंब्या म्हणाला. "लाकूड अर्ध्यात असताना करवत काढत नाहीत."

तो डावऱ्याच्या डाव्या बाजूला अगदी खेटून सरकला. आपला बांधलेला उजवा हात त्याने तसाच ठेवला. डावा हात डावऱ्याच्या कोपराखाली घातला.

"ढकलू नको," तो हळूच म्हणाला. "तू ओढ. मी सोडतो."

डावऱ्याने डोळे मिटले.

"ओढ..."

चमचा निघाला.

"सोड... ओढ..."

दोघांचे खांदे एकाच लयीत हलत होते. चमचा छातीवरून हनुवटीवर आला, हनुवटीवरून ओठांवर आला. डावऱ्याने तोंड उघडले आणि घास घेतला. घशाची घाटी वरखाली झाली. दुसरा घास गेला. तिसऱ्याला चालक दारातून म्हणाला, "वा!" आणि पांढऱ्या कपड्यातल्या माणसाने त्याच्याकडे रागाने पाहिले.

वाटी रिकामी झाली.

"काका," मुलगा खिडकीपासून म्हणाला, "स्वतःच्या हाताने, असं ठरलं होतं. हे दुसऱ्याच्या हाताने झालं."

"कुठला दुसरा?" ठोंब्याने विचारले.

"म्हणजे?"

"इथे दुसरा कोण बसलाय, ते दाखव मला."

ठोंब्या उठला. त्याचा श्वास लागला होता, पण तो पुरता सरळ उभा राहिला. त्याने पांढऱ्या कपड्यातल्या माणसाला खुर्ची मिटायची खूण केली.

"मी रोज येईन," तो मुलाला म्हणाला. "ऊन असो, वारा असो. ज्या दिवशी मी येणार नाही, त्या दिवशी खुशाल गाडी बोलाव. मग मी मध्ये पडणार नाही."

"काका, तुमची तब्येत—"

"माझ्या तब्येतीशी करार नाही केला तू. माझ्याशी केलास."

गाडी रिकामी गेली. जाताना चालकाने खालून भोंगा वाजवला. डावऱ्याला तो फार आवडला.

ठोंब्या रोज येत राहिला. जिन्याच्या वळणावरचा खोकला लांबत गेला. मग तो त्या वळणावर बसू लागला. मुलाने एक दिवस तिथे एक स्टूल नेऊन ठेवले. वर आल्यावर ठोंब्या आधी हसून घ्यायचा, म्हणजे धाप लागली आहे ते कळू नये. डावऱ्याला कळत होते. तो एवढेच करायचा, की घास घेताना आपला हात आधीपेक्षा जास्त ओढायचा, म्हणजे खालच्या हातावर भार पडू नये.

मग एक दुपार अशी आली की जिन्यावर पावले वाजली नाहीत.

बाई येऊन पट्टी बांधून गेली. सुनेने वाटी ठेवली. सूपवर साय धरली. नातीला कडेवर घेऊन ती स्टुलापर्यंत उतरून बघून आली. ऊन पलंगावरून फरशीवर गेले, तरी डावऱ्या दाराकडे तोंड करून बसला होता.

मुलगा वर आला. पलंगाच्या कडेला बसला. मग म्हणाला, "बाबा, एक दिवस चुकला म्हणून मी काही..."

"गाडी बोलाव," डावऱ्या म्हणाला.

"अहो, मी तसं म्हणत नाहीये. आपण उद्या बघू. मी बसतो आज तुमच्याजवळ."

"गाडी बोलाव."

"बाबा, मला नाही पाठवायचं तुम्हाला तिथे!" मुलाचा आवाज चढला. तो स्वतःच त्या आवाजाने दचकला.

"तिथे कोण जातंय?" डावऱ्या म्हणाला. "कुठलीही गाडी बोलाव. मला त्याच्याकडे ने."

दुकानाचा टेम्पो दारात होता. त्यात एक कपाट आणि हातांची एक नवी खुर्ची होती, गिऱ्हाइकाकडे पोचवायची. मुलाने आणि दुकानातल्या कारागिराने म्हाताऱ्याला उचलून खाली आणले आणि त्याच खुर्चीत बसवले. मुलाने टेम्पो इतका हळू चालवला की मागचे लोक भोंगे वाजवू लागले. कपाटाच्या आरशात डावऱ्याला आपला चेहरा दिसत होता. त्याने एकदा त्याच्याकडे बघितले, मग खुर्चीतून मान वळवून रस्ता बघू लागला. ठोंब्याच्या दारात त्याला खुर्चीसकट उतरवले. शेजारच्या बायका गॅलरीतून बघत होत्या. एक म्हणाली, "फर्निचर आलं वाटतं." दुसरी म्हणाली, "माणसासकट?"

ठोंब्या उशांच्या ढिगाला टेकून होता. छातीचा आवाज दारापर्यंत येत होता. त्याची मुलगी वाटी-चमचा घेऊन खाटेवर बसली होती. वाटी भरलेली होती. तिने डावऱ्याला पाहिले आणि चमचा वाटीत ठेवला.

"परवापासून असंच चाललंय, काका. दोन दिवस तुमच्याकडून आले, की काही तोंडात घेत नव्हते. आज तर उठवेना. हात उचलत नाही, आणि मी भरवलं की तोंड मिटतात. डॉक्टर म्हणतात, पोटात काही जायला हवं. तुम्ही तरी सांगा."

"भूक नाही," ठोंब्या म्हणाला. मग डावऱ्याकडे बघून म्हणाला, "तू कशाला आलास? जिना कसा उतरलास?"

"खुर्चीतून."

"चैन आहे."

डावऱ्याने मुलाला खूण केली. मुलाने खुर्ची उचलून खाटेला भिडवली. मित्राच्या मिटलेल्या ओठांकडे त्याने पाहिले. ते मिटणे त्याच्या ओळखीचे होते. त्याचा डावा हात मांडीवरून उठला, छातीपर्यंत आला, थरथरला आणि परत मांडीवर पडला.

मग त्याने मान खाली घातली. दुपारी बाईने बांधलेल्या पट्टीची गाठ त्याच्या उजव्या खांद्यापाशी होती. ती त्याने दातांत धरली आणि ओढली. गाठ घट्ट होती. मुलगा सोडवायला पुढे झाला, तर त्याने मान झटकून त्याला मागे सारले. गाठ सुटायला वेळ लागला. पट्टी मांडीवर पडली.

त्याने उजवा हात ठोंब्याच्या मुलीपुढे केला. तिला आधी कळले नाही. मग तिने चमचा त्या हातात दिला.

जन्मात त्या हाताने चमचा धरला नव्हता. बोटे कशी ठेवायची तेही त्याला नीट येत नव्हते. त्याने चमचा मुठीत धरला, पहिल्यांदाच जेवायला बसलेल्या पोरासारखा. पण हात थरथरला नाही, डगमगला नाही. चमचा वाटीत गेला, भरला आणि ठोंब्याच्या ओठांशी येऊन थांबला. एक थेंब सांडला नाही.

ठोंब्या त्या हाताकडे बघत राहिला. हाताकडून मग त्याने नजर वर नेली. त्याच्या डोळ्यांच्या कडा हसू लागल्या.

"शेवटी मास्तर जिंकले की रे," तो म्हणाला.

"मास्तर मेले," डावऱ्या म्हणाला. "तोंड उघड."

ठोंब्याने तोंड उघडले.

त्यानंतर रोज दुपारी टेम्पो ठोंब्याच्या दारात यायचा. ती खुर्ची गिऱ्हाइकाला गेली नाही, मुलाने त्याला दुसरी करून दिली. जाण्याआधी घरी डावऱ्या आपला उजवा हात बांधून घ्यायचा आणि स्वतःचा घास डाव्यानेच घ्यायचा. पहिल्या दिवशी सुनेने ती पट्टी हळूच बाजूला ठेवली होती, तर त्याने मांडीवरचा ट्रे गुडघ्याने नुसता हलवून दाखवला. तिने पट्टी बांधली. मुलगा त्याच्या डाव्या बाजूला येऊन बसला आणि त्याने आपला हात बापाच्या कोपराखाली घातला. पहिल्यांदा त्याने वर ढकलायचा प्रयत्न केला, तेव्हा चमचा उलटला.

"ढकलू नको," डावऱ्या म्हणाला. "मी ओढतो. तू सोड."

ठोंब्या त्याच वर्षी वारला. पानगळ नुकती लागली होती, दुपार होती, आणि निम्मी वाटी संपली होती. डावऱ्या त्यानंतर काही वर्षे जगला. नात शाळेत जायला लागली त्या वर्षी, थंडीत, तो गेला.